टेलरमास्तरांचा शब्द

त्या गावात मास्तर दोन होते. एक शाळेतले हेडमास्तर आणि दुसरे शाळेसमोरचे टेलरमास्तर. एकाचा खडू फळ्यावर चालायचा, दुसऱ्याचा कापडावर. नवा पोस्टमन आला की घोळ ठरलेला. शिक्षण खात्याचं पाकीट टेलरमास्तरांच्या दुकानात येऊन पडायचं आणि शिलाई मशीनच्या सुट्या भागांची जाहिरात हेडसरांच्या टेबलावर जायची. मग टेलरमास्तर गळ्यातला टेप तसाच ठेवून रस्ता ओलांडायचे आणि दारातून म्हणायचे, "सर, खात्याने तुमची मापं माझ्याकडे पाठवलीत." हेडसर हसायचे, चहा सांगायचे. दोघांचं चांगलं जमायचं.

टेलरमास्तर स्वतः त्याच शाळेत शिकले होते. शिकले म्हणजे सातवीपर्यंत रेटले. अभ्यासात त्यांचं डोकं कधी चाललं नाही, पण त्या काळी शाळेत शिवणाचा तास असायचा आणि एका खोलीत पायमशीन होतं. त्या मशीनवर पहिल्यांदा पाय ठेवला त्या दिवशी या मुलाचं पुढचं आयुष्य ठरून गेलं. बाप कारखान्यात गोण्या उचलायचा, पोरगाही गोण्याच उचलणार हे घरात सगळ्यांनी धरून चाललेलं. तसं झालं नाही ते शाळेमुळे. म्हणून शाळेबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं की मास्तरांचं मशीन थांबायचं. हातातलं काम बाजूला ठेवून ते त्या माणसाकडे चष्म्यावरून बघत बसायचे, तो गप्प होईपर्यंत.

कागदाचा कारखाना चालू होता तोवर शाळा भरलेली होती. एकेका वर्गाच्या दोन-दोन तुकड्या. वर्ष सुरू होण्याआधी दुकानासमोर आया पोरांना घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. मास्तर पोराच्या खांद्याला टेप लावायचे आणि विचारायचे, "दुमड किती ठेवू?" आई म्हणायची, "दोन वर्षं गेली पाहिजेत मास्तर." मग ते पोराच्या बापाच्या उंचीचा अंदाज घेऊन आत कापड मुडपून ठेवायचे.

कारखाना बंद पडला तेव्हा आधी इंजिनिअर गेले, मग फिटर गेले. ज्यांना कुठेच जाता येत नव्हतं ते राहिले. त्यातच हायवेला एक नवी खासगी शाळा उभी राहिली. तिला काचेच्या खिडक्या होत्या, पिवळी बस होती आणि तयार गणवेश पिशवीत घालून मिळायचा. तरीही लोक पटकन हलले नसते. पण खात्याने सगळ्या शाळांना श्रेणी द्यायचं काढलं आणि गावच्या शाळेला सगळ्यात खालची श्रेणी मिळाली. तो कागद शाळेच्या फाटकावर लावायचाच असा हुकूम होता. हेडसरांनी तो स्वतःच्या हाताने चिकटवला. येता-जाता लोक थांबून वाचायचे, जसं कोणाच्या घरावर जप्तीची नोटीस लागली की थांबतात तसे.

पालकांची सभा बोलावली. टेलरमास्तर पालक समितीचे अध्यक्ष होते. ते अध्यक्ष कसे झाले तर निवडीच्या दिवशी एका गिऱ्हाइकाची चेन अडकली म्हणून त्यांना सभेला पोचायला उशीर झाला, आणि ते आत येईपर्यंत हजर असलेल्या सगळ्यांनी नाही म्हणून झालेलं होतं.

सभेत मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हेडसर उभे राहून काहीतरी सांगत होते, शिक्षकांच्या रिकाम्या जागांबद्दल, वर पाठवलेल्या पत्रांबद्दल. कोणी ऐकत नव्हतं. एक ठेकेदार उठून म्हणाला, "सर, तुमच्या अडचणी मान्य. पण आमची पोरं काय अडचणी सोसायला पाठवलीत?" मागून एकदोघे उठून चालायलाच लागले. तेव्हा टेलरमास्तर उभे राहिले.

"बसा जरा. चार शब्द ऐका, मग जा."

"तुम्हाला गणवेश शिवायचेत मास्तर, म्हणून तुम्हाला शाळा हवी," मागून कोणीतरी बोललं. हशा पिकला.

"हो, शिवायचेत," मास्तर म्हणाले. "खोटं कशाला बोलू? शाळा गेली तर माझं निम्मं दुकान गेलं. पण माझी पोरगी सहावीत आहे. ती हुशार आहे हे तुम्ही सगळेच म्हणता. ती या शाळेतनं हलणार नाही. शेवटची परीक्षा देईल ती इथूनच देईल. माझ्या धाकट्याचं नावही वेळ आली की इथेच घालीन. शाळा बुडणार असं वाटलं असतं तर मी माझी पोरं त्यात ठेवली असती का?"

पाणीपुरवठ्याच्या पंपावर काम करणारा एक माणूस होता, सगळे त्याला पंपवाला म्हणायचे. शांत, कामाशी काम ठेवणारा. तो म्हणाला, "मास्तर ठेवतात तर माझाही राहील." त्याच्यापाठोपाठ इस्त्रीवाल्या बाई बोलल्या, मग अजून काहीजण. निघालेल्यांतले थोडे परत येऊन बसले. सभा संपल्यावर हेडसरांनी टेलरमास्तरांचे दोन्ही हात धरले.

घरी मात्र वेगळंच वाढून ठेवलं होतं. बातमी त्यांच्या आधी पोचली होती.

"तिला विचारलंत?" बायकोने विचारलं.

"कोणाला?"

"जिला गहाण टाकून आलात तिला."

पोरगी आतल्या खोलीत धाकट्याला जेवू घालत होती. घरात तिला बारकी म्हणायचे. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून. ती मुळात कमीच बोलायची, पण प्रश्न मात्र फार विचारायची, आणि एकदा विचारलेला प्रश्न उत्तर मिळेपर्यंत सोडायची नाही.

मेहुणा हायवेच्या शाळेची बस चालवायचा. तो दुसऱ्याच दिवशी दुकानात आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "दाजी, मी तिथे बोलून ठेवलंय. ड्रायव्हरच्या नात्यातल्या मुलांना सवलत असते. बारकीला परवापासून पाठवा. मीच नेईन, मीच आणीन."

"मी सभेत शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलात दाजी. वर्षं तिची जाणार आहेत."

मास्तर मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "आज मी तिला काढलं तर उद्या पंपवाला काढेल, परवा इस्त्रीवाल्या बाई. महिन्यात शाळेला कुलूप. मग ज्यांच्याकडे तुझ्या बसचे पैसे नाहीत त्यांनी पोरांना कुठे घालायचं?"

मेहुणा चहा न घेताच उठला.

आणि मास्तर चुकीचं बोलत नव्हते. शाळा त्या वर्षी टिकली ती त्यांच्या बोलण्यामुळे टिकली. पण टिकलेल्या शाळेत शिकवायला कोण होतं? गणिताच्या बाईंची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. खेळाचे सर गणित शिकवायला लागले. माणूस प्रामाणिक होता. पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं फळ्यावर जशीच्या तशी उतरवायचा आणि पोरांना म्हणायचा, "समजलं तर मलाही सांगा." पुढे सातवी-आठवी एकाच खोलीत बसवली. विज्ञानाची खोली गळायला लागली म्हणून बंद केली, आतल्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

बारकी दरवर्षी पहिली यायची. एकदा प्रगतिपुस्तक बापाच्या हातात देऊन ती म्हणाली, "बाबा, मी पहिली आले, पण मला अपूर्णांकांचे भागाकार येत नाहीत."

"पहिल्या नंबरला येत नाहीत तर बाकीच्यांना काय येत असतील," मास्तर हसत म्हणाले.

"तेच तर म्हणतेय मी."

ती हेडसरांकडेही जायची वही घेऊन. हेडसरांचा विषय भाषा. ते तिच्या गणिताकडे बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, "उद्या बघू हं." बारकी उद्या परत जायची. पुढे पुढे जायची बंद झाली. मास्तरांच्या ते लक्षात आलं होतं. पोरगी मोठी झाली, आता तिचं तिला कळतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

आठवीत खात्याची तपासणी परीक्षा आली. तिच्या निकालावर पुन्हा श्रेणी ठरणार होती आणि या वेळी खालची श्रेणी आली तर शाळा बंद, असं स्पष्ट कळवलेलं होतं. बाहेरून एक अधिकारी देखरेखीला येणार म्हणून हेडसरांनी ऑफिससाठी नवे पडदे शिवायला टाकले होते. मास्तर पडदे घेऊन गेले तेव्हा परीक्षा सुरू झालेली होती. व्हरांड्यातून जाताना त्यांना आठवीच्या खोलीतून हेडसरांचा आवाज ऐकू आला. त्यांनी खिडकीतून बघितलं.

हेडसर प्रश्नपत्रिका हातात धरून बाकांमधून फिरत होते. "चौथ्याचं ब. पाचव्याचं अ. लिहिलं का सगळ्यांनी? पाचव्याचं अ." पोरं माना खाली घालून लिहीत होती. बारकी दुसऱ्या बाकावर होती. तिने पेन्सिल थांबवली, वर बघितलं, मग खोडरबर घेऊन आधी लिहिलेलं खोडलं आणि नवीन लिहिलं. खोडल्यावर तिने कागदावर फुंकर मारली.

हेडसरांनी मान वळवली आणि खिडकीत त्यांना टेलरमास्तर दिसले. त्यांचा आवाज मध्येच तुटला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग हेडसरांनी नजर कागदावर नेली आणि म्हणाले, "सहाव्याचं क."

मास्तर ऑफिसात गेले. तिथे अधिकारी चहा पीत बसला होता. त्याला आतला आवाज ऐकू येत नव्हता असं नाही. मास्तर खुर्चीवर चढले आणि पडदे स्वतःच्या हाताने लावले. एक कडी वाकडी होती, ती पक्कडीने सरळ केली. अधिकारी म्हणाला, "छान शिवलेत." मास्तर म्हणाले, "हो, जाड कापड आहे."

घरी जेवायला बसल्यावर बारकीनेच विषय काढला. "बाबा, तुम्ही खिडकीत होता."

"होतो."

"पाचव्याचं उत्तर सरांनी चुकीचं सांगितलं. माझं बरोबर होतं."

"मग खोडलंस कशाला?"

"सर म्हणाले, सगळ्यांनी मी सांगतो तेच लिहायचं. नाहीतर शाळा बंद होईल आणि ते आपल्यामुळे होईल."

बायको ताटात वाढता वाढता थांबली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. या माणसाने आता उठावं, तसंच शाळेत जावं, काहीतरी बोलावं, असं तिच्या डोळ्यांत होतं. मास्तरांच्या तोंडात घास होता. तो गिळून ते म्हणाले, "एका उत्तराने काय होतंय? जेव तू."

बारकीने पुढे काही विचारलं नाही.

निकाल लागला. शाळेची श्रेणी एकदम वर गेली. फाटकावरचा जुना कागद निघाला, नवा लागला. वरून कोणी मोठे साहेब आले, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत टेलरमास्तरांना बसवलं. साहेब म्हणाले, पालकांनी मनावर घेतलं तर काय होऊ शकतं ते या गावाने दाखवलं. टाळ्या झाल्या. हायवेच्या शाळेतून दोन-तीन घरांनी मुलं परत आणली, त्यात तो ठेकेदारही होता. रस्त्याने जाताना लोक म्हणायचे, "मास्तर, तुम्ही शाळा वाचवलीत." मास्तर मान हलवायचे. त्या खिडकीची आठवण यायची, पण लोकांनी एवढं चांगलं म्हटल्यावर ती जरा मागे सरायची. धाकट्याला त्यांनी त्याच वर्षी पहिलीत घातलं.

दहावीच्या शेवटच्या परीक्षेत बारकीला चांगले गुण मिळाले. गावात इतके गुण पूर्वी कोणाला मिळालेले नव्हते. ते कसे मिळाले हे मास्तरांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मावशी शहरात राहायची, तिच्याकडे राहून कॉलेज करायचं ठरलं. मास्तरांनी तिला दोन नवे ड्रेस शिवले, मापं न घेता, कारण तिची मापं त्यांना पाठ होती. ते तिला सैल झाले. वर्षभरात ती बरीच वाळली होती आणि रोज घरात असून त्यांना दिसलं नव्हतं.

सुरुवातीला फोनवर सगळं ठीक असायचं. कॉलेज मोठं आहे, मैत्रिणी आहेत, अभ्यास चालू आहे. मग एक दिवस मावशीचा फोन आला. "भावजी, तुम्ही या एकदा. फोनवर मिटण्यासारखं नाही."

बारकी रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची, पण कॉलेजात जात नव्हती. मावशीच्या शेजारणीने तिला बसस्टँडवर बसलेलं पाहिलं होतं, एकदा नाही, अनेकदा. मास्तर थेट बसस्टँडवरच उतरले. ती तिथेच होती, चौकशीच्या खिडकीपलीकडच्या बाकावर, दप्तर मांडीवर घेऊन. बापाला बघून ती दचकली नाही. सरकून तिने जागा करून दिली.

मास्तरांनी पिशवी पायाशी ठेवली आणि ते बसले.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्याजवळ बोलावलं. माझे गुण बघून बोलावलं होतं, चांगले होते ना. एक गणित घातलं. मला ते वाचतासुद्धा आलं नाही. म्हणजे त्यातली चिन्हं कशाची आहेत तेच कळेना."

"मग? ओरडल्या?"

"नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तास संपल्यावर थांबवून घेतलं. एकेक विचारत मागे मागे गेल्या. हे येतं का, मग हे येतं का. शेवटी म्हणाल्या, तुला सुरुवात सहावीपासून करायला लागेल." ती थांबली. "सहावीपासून, बाबा."

सभेतली ती खोली, पोटाशी गुडघे घेऊन बसलेली माणसं आणि स्वतःचा आवाज मास्तरांना आठवला. माझी पोरगी सहावीत आहे.

"त्या शिकवायला तयार होत्या," बारकी म्हणाली. "रोज तास संपल्यावर ये म्हणाल्या. मी दोन दिवस गेले. पण वर्गात रोज नवीन शिकवतात ते कधी शिकायचं आणि जुनं कधी शिकायचं? दोन्ही बाजूंनी पळायला लागले आणि कुठेच पोचेना. मला वाटायचं मी हुशार आहे. आपल्याकडे सगळे म्हणायचे ना."

"आहेसच तू हुशार."

"असेन. पण मला आता ते कळायचं कसं?"

ती रडत नव्हती. रडली असती तर त्यांनी तिला जवळ घेतलं असतं. ते नुसते दप्तराच्या पट्ट्याकडे बघत बसले. पट्ट्याची शिलाई एका टोकाला उसवली होती.

"मला आठवीतच माहीत होतं," ती म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही म्हणालात, एका उत्तराने काय होतंय."

मास्तरांनी तो उसवलेला पट्टा हातात घेतला आणि लोंबणारा धागा आत खोचला.

बारकी पुन्हा कॉलेजात गेली नाही. गावीही आली नाही. लोक विचारतील ते तिला नको होतं. मावशीच्या ओळखीने एका लाँड्रीच्या काउंटरवर तिला काम मिळालं, कपड्यांना चिठ्ठ्या लावायचं. आईशी ती फोनवर बोलायची. बापाने फोन घेतला तर "बरी आहे" म्हणायची आणि "आईला द्या" म्हणायची.

त्याच वर्षअखेरीस शाळा बंद करायचा हुकूम आला. श्रेणी चांगली होती, पण कामाच्या शोधात एकेक घर गाव सोडून गेलं होतं, मुलंच उरली नव्हती. पटसंख्या अमुक इतकी नसेल तर ती दुसऱ्या शाळेत मिसळायची, असा नियम. दुसरी सरकारी शाळा डोंगरापलीकडे होती आणि तिकडे जायला गाडी नव्हती.

टेलरमास्तर रस्ता ओलांडून हेडसरांच्या ऑफिसात गेले. सर पुस्तकं खोक्यांत भरत होते. भिंतीवरचे फोटो काढून झालेले होते, त्यांच्या जागी पांढरे चौकोन दिसत होते. पडदे अजून तसेच होते.

"बसा मास्तर."

"बसायला नाही आलो. बारकी कॉलेज सोडून बसलीय. तुम्हाला कळलं असेल."

"कळलं."

"तिला काही येत नाही सर. तुमची सगळ्यात हुशार पोरगी. तिला काही येत नाही."

हेडसरांनी हातातलं पुस्तक खोक्यात ठेवलं आणि खुर्चीत बसले. गेल्या वर्षभरात त्यांचे केस पार गेले होते. "मी तसं केलं नसतं तर आठवीच्याच वर्षी कुलूप लागलं असतं. तीन वर्षं मिळवली मी. वाटलं, तेवढ्यात कोणीतरी येईल. गणिताला माणूस देतो म्हणाले होते. दर महिन्याला म्हणायचे."

"तीन वर्षं कोणासाठी मिळवलीत?"

"तुम्हीच सांगा," हेडसर म्हणाले. त्यांच्या आवाजात धार नव्हती. "तुम्ही खिडकीत होतात. तुम्ही थांबवलं असतंत तर मी थांबलो असतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं होतं, बरं झालं, मास्तर आले, आता हे संपेल. मग तुम्ही निघून गेलात. आणि मी ऑफिसात आलो तर पडदे लावून झालेले."

टेलरमास्तर तिथेच उभे राहिले. यायच्या आधी त्यांनी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. बाहेर पडताना त्यांनी दार हळू ओढून घेतलं, आजाऱ्याच्या खोलीचं ओढतात तसं.

दोन-चार दिवसांनी पंपवाला दुकानात आला. त्याचा मुलगा बारकीच्याच वर्गात होता. तोही चांगल्या गुणांनी पास झाला होता आणि आता बाजारात हमाली करत होता, कारण नोकरीच्या एका परीक्षेत त्याला साधा अर्ज नीट वाचता आला नव्हता. पंपवाल्याने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"मास्तर, सर उत्तरं सांगायचे म्हणे परीक्षेत."

"हो."

"मुलगा आता बोलला. इतके दिवस गप्प होता." तो काउंटरवरच्या सुट्या गुंड्या बोटाने एका बाजूला सारत राहिला. "तुम्हाला माहीत होतं?"

मास्तरांना नाही म्हणता आलं असतं. त्यांना खिडकीत बघितलेले दोघेच होते. एक हेडसर आणि एक बारकी, आणि त्यातलं कोणीही सांगायला गेलं नसतं.

"मी बघितलं होतं," ते म्हणाले.

पंपवाल्याने मान हलवली. खूप वेळ हलवत राहिला. मग म्हणाला, "माझं पँटचं कापड दिलंय तुमच्याकडे. कापलं नसेल तर तसंच द्या."

कापड कापलेलं नव्हतं. मास्तरांनी ते घडी करून कागदात गुंडाळून दिलं. पंपवाला ते काखेत घेऊन गेला आणि पुढे कधी दुकानाची पायरी चढला नाही. रस्त्यात भेटला तर बाजूला होऊन वाट द्यायचा. तो शिव्या देऊन गेला असता तर मास्तरांना झेपलं असतं. त्याचं हे वाट देणं त्यांना सहन व्हायचं नाही, म्हणून ते लांबच्या गल्लीने घरी जायला लागले.

गावात बातमी पसरली. काहींनी हेडसरांना नावं ठेवली, काहींनी खात्याला, आणि बऱ्याचजणांनी टेलरमास्तरांना. गणवेशाचं काम गेलंच होतं, आता बाकीचंही कमी झालं. जुन्या कपड्यांची उसवलेली शिवण घालायला कोणी यायचं, तेवढंच.

बायकोने बोलायचं ते पहिल्याच दिवशी बोलून घेतलं होतं. एका सकाळी तिने धाकट्याला अंघोळ घालून, केस विंचरून तयार केलं आणि मास्तरांसमोर आणून उभं केलं. "भाऊ आठला येतोय. याला तिकडे घेऊन जा. नाव घालून या."

मेहुण्याने बस दुकानासमोर थांबवली. दाजी चढले तेव्हा तो "मी म्हटलं नव्हतं का" असं काही म्हणाला नाही. त्याने फक्त पुढच्या सीटवरचा आपला डबा उचलून जागा केली.

हायवेच्या शाळेत आधी मुलाची चाचणी घ्यायची पद्धत होती. धाकटा पाचवीत जाणार होता. एका खोलीत त्याला पेपर देऊन बसवलं, बाप बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत. काचेच्या दारातून पोराची पाठ दिसत होती. पोरगा लिहायला वाकला, मग सरळ झाला, मग इकडे तिकडे बघायला लागला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तो मान वर करून वाट बघत होता. कशाची ते मास्तरांना एकदम कळलं. कोणीतरी येऊन उत्तर सांगेल याची. आणि ते खुर्चीत आणखी खाली घसरले.

बाईंनी पेपर तपासला आणि त्यांना आत बोलावलं. बोलायला चांगल्या होत्या. "मुलगा गोड आहे. पण वाचन फार मागे आहे हो. पाचवीत नाही बसवता येणार. तिसरीत घेतो. पुढे सुधारला तर बघू."

"चालेल," मास्तर म्हणाले.

"वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या गावातून येणाऱ्या सगळ्या मुलांचं असंच आहे."

परत येताना बस रिकामी होती. मेहुणा पुढे बघून गाडी चालवत होता. धाकट्याने खिडकीच्या काचेला नाक लावलं होतं.

"बाबा, तिसरीत सगळी लहान पोरं असतील ना?"

"असतील."

"मग मी मागे बसू? मी उंच दिसेन."

"पुढे बस," मास्तर म्हणाले. "आणि कळलं नाही की लगेच विचार. सोडू नकोस."

पोराने काचेवरून नाक काढलं आणि बापाकडे बघितलं. "तिथे विचारलेलं चालतं?"

बस फाट्यावरून गावाच्या रस्त्याला वळली.

"चालत असेल," ते म्हणाले. "नाही चाललं तर घरी येऊन मला सांग. मी येईन तिथे विचारायला."

पोराने मान डोलावली, पण त्याला ते खरं वाटलं की नाही हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.